टोपल्याखालचं पाऊल

अंगणात मी शहाबादी फरशी घातली तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, मास्तरांना पेन्शन मिळाली आणि डोकं फिरलं. सारवलेलं अंगण किती छान दिसायचं, असं बायकोने महिनाभर ऐकवलं. मी फरशी थंड राहते, स्वच्छ राहते, असलं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की मातीवर उमटलेली पावलं मला बघवत नाहीत. पाऊल दिसलं की माझं मन मला न विचारता त्याला एक माणूस जोडून देतं. तो माणूस बरोबर असेल किंवा नसेल, पण एकदा जोडला की सुटत नाही.

ही खोड मला लागली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तीन-चार वर्षं होती. मी मूळचा नंदुरबारच्या बाजूचा, आणि पहिलीच नेमणूक तापीकाठच्या एका गावात झाली. चार वर्ग, एक खोली, एक खिडकी आणि एक मास्तर. गाव गुजर शेतकऱ्यांचं, काळ्या जमिनीत कापूस आणि विहिरीवर केळी. पोलीस पाटलांच्या ओसरीशेजारची खोली मला राहायला दिलेली होती, आणि जेवणही त्यांच्याकडेच. म्हणजे सकाळी डोळे उघडले की पाटील, आणि शाळा सुटली की पुन्हा पाटील. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाच्या घरात राहिलं की त्याला नाही म्हणण्याची सवयच मोडते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मला माझ्या नजरेचा फार गर्व होता. पोरांच्या पाट्या पालथ्या-सुलट्या कशाही टाकल्या तरी कुठली कोणाची, हे मी एका अक्षरावरून सांगायचो. शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणून मिशीला पीळही द्यायचो. आणि पोरांवर मात्र चिडायचो. चित्र पाहिलं की त्यांचा धडा सुरू व्हायचा. पुस्तक उलटं धरलेलं असलं तरी धडाधड वाचत सुटायची, कारण धडा डोक्यात होता, डोळ्यांचं काम संपलेलं होतं. ‘समोर काय आहे ते बघ रे गाढवा,’ म्हणून मी कित्येकांचे कान पिळले. ते कान आज माझ्या स्वप्नात येतात.

त्या गावात एक जागल्या होता. जागल्या म्हणजे गावाचा राखणदार. हे काम पिढ्यानपिढ्या भिलांच्या एका घराकडे होतं आणि त्याबद्दल थोडी इनाम जमीन त्यांच्या ताब्यात होती. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. पावलं बघत बघत गावाच्या शिवेपर्यंत जायचं, आणि तिथे पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या स्वाधीन करायचा. त्याने तो आपल्या शिवेबाहेर नेऊन दाखवला तर तो सुटला. नाही दाखवता आला, तर चोरी त्याच्या गावावर. म्हणून पावलाला फार किंमत. चोरी झाल्याचं ज्याच्या पहिल्यांदा लक्षात येईल, त्याने आरडाओरडा करण्याआधी एक गोष्ट करायची. जे पाऊल ठळक दिसेल त्यावर टोपलं पालथं घालायचं आणि वर दगड ठेवायचा. जागल्या येईपर्यंत ते टोपलं कोणी उचलायचं नाही. टोपल्याखाली असतं ते चोराचं पाऊल, हे तिथलं पोरसुद्धा जाणायचं.

आमचा जागल्या साठीच्या घरातला होता. माग काढण्यात त्याचं नाव नदीपलीकडेही होतं. तो मला रस्त्यात लांबूनच ‘रामराम गुर्जी’ म्हणायचा, आणि मी म्हणायचो, काय ही म्हाताऱ्याची नजर! एकदा पायात काटा रुतला म्हणून मी वहाणा हातात घेऊन त्याच्या झोपडीपाशी उभा राहिलो. तो दारात बसलेला होता, तोंड माझ्याकडे. मी बोललो नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्याने हात पुढे केला, माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं,

“कोन शे?”

त्याला दिसत नव्हतं. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा, बाकी सगळा कारभार तो कानांवर आणि सवयीवर चालवत होता. माझ्या वहाणांची करकर ऐकून तो रामराम करायचा. ही गोष्ट कळली असती तर इनाम दुसऱ्या भाऊबंदाकडे गेलं असतं आणि म्हातारा उपाशी मेला असता. माझं मनगट त्याने सोडलं नाही.

“गुर्जी, तुम्ही मन्हा डोया व्हा,” तो म्हणाला. “तुम्ही दखा, माले सांगा. मी वळखसू.”

मी हो म्हणालो. दया आली म्हणून म्हणालो, हे खरं. पण माझी नजर कोणाच्या तरी उपयोगी पडणार, याचीही गुदगुली झाली होती. तिथे मी पहिल्यांदा अडकलो.

सकाळी शाळेआधी आम्ही दोघं गावाबाहेरच्या धुळीच्या रस्त्याने जायचो. मी वर्णन करायचो आणि तो ओळखायचा. आजूबाजूला कोणी नसलं की खाली बसून, बोटं ओली करून पाऊल चाचपायचा. त्याने मला जे शिकवलं ते सरकारी ट्रेनिंग कॉलेजात कोणी शिकवलं नाही. पाऊल दिसलं की आधी मोजायचं. किती आहेत, कुठून आली, कुठे गेली. मग खोली बघायची. टाच जास्त रुतली की चवडा, ओझं होतं की माणूस रिकामा होता. मग चाल. आणि खूण, म्हणजे वाकडं बोट, भेगाळलेली टाच, कापल्याचा व्रण, ही सगळ्यात शेवटी.

“खूण पहिले दखी का मानूस आंधया व्हस,” तो म्हणायचा. मला हसू यायचं. आंधळा माणूस मला आंधळं होण्याबद्दल सांगत होता.

त्याचं म्हणणं असं की खूण सापडली की मन खूश होतं आणि बाकीचं बघणं सोडून देतं. उरलेलं पाऊल मग डोळा बघत नाही, मनच भरून टाकतं. मला हे पटायचं. पटणं आणि अंगात मुरणं यात फरक असतो, एवढंच.

दोन-तीन महिन्यांत माझी अवस्था विचित्र झाली. रस्ता म्हणजे माझ्यासाठी शाळेचा हजेरीपट झाला. मान खाली घातली की माणसं दिसायची. कोण पहाटे कोणाच्या मळ्यात गेलं, कोणाची सून रडत विहिरीपर्यंत जाऊन परत आली, कोण पाटलांच्या मागच्या दाराने आलं, हे सगळं नको असताना कळायचं. वर बघून चालायचा प्रयत्न केला तर ठेच लागायची. मनाला सांगून बघितलं की आज ओळखू नको. ऐकेना. ओळख आधी व्हायची आणि मी नंतर पोचायचो. गाव उघडं पडलं होतं आणि मी त्यात कोंडला गेलो होतो. हे बोलायचं कोणाशी? बोललो तर म्हाताऱ्याचं गुपित फुटणार. मी जेवताना पाटलांच्या समोर बसून पापड मोडायचो आणि गप्प राहायचो.

पाटलांकडे एक सालदार होता, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी. तिशीचा, बोलायला कमी, बैलांवर जीव टाकणारा. पाटलांच्या ढवळ्या बैलाला त्याच्याशिवाय कोणी हात लावलेला चालायचा नाही. त्याच बैलाचा खूर एकदा त्याच्या उजव्या पायावर पडला होता. तेव्हापासून त्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकून बाहेर वळलेला होता. त्याचं पाऊल मी झोपेतही ओळखलं असतं. अख्ख्या गावात सगळ्यात सोपं पाऊल त्याचं होतं.

कापूस वेचणीला आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी शाळेची खोली झाडून घेत होतो, तेवढ्यात पाटलांचं बोलावणं आलं. मळ्यातल्या गोठ्यातून दोन्ही बैल गेले होते. जागल्या आधीच तिथे पोचला होता, आणि त्याला माझी वाट बघावी लागत होती हे फक्त मलाच माहीत होतं. सालदार दावणीपाशी उभा होता. त्याच्या हातात तुटलेल्या दाव्याचा तुकडा होता आणि तो रडत होता. वैरण टाकायला म्हणून आलो तर दावण रिकामी, असं तो सांगत होता. गुरांना पाणी पाजण्याच्या हाळाजवळ ओली माती होती. तिथे त्याला पाऊल दिसलं, म्हणून त्याने टोपलं घातलं होतं.

आम्ही सगळे टोपल्याभोवती जमलो. पाटील, त्यांचे शेजारी, आठ-दहा माणसं. मी पंच म्हणून लिहायला कागद घेऊन खाली बसलो, तसा मी नेहमीच बसायचो. म्हातारा माझ्या खांद्याशी वाकला. दगड काढला, टोपलं उचललं.

“कितला?” त्याने हळूच विचारलं, म्हणजे पावलं किती.

मी हळूच उत्तर दिलं. मग खाली नीट बघितलं आणि तो अंगठा दिसला. बाहेर फाकलेला, स्वच्छ, जणू पाटीवर गिरवलेला.

“अरे, हे तर आपल्या सालदाराचं!” मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. ओळखल्याचा आनंद झाला होता मला, दुसरं काही नाही. म्हाताऱ्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली, पण शब्द गेला होता.

सगळे सालदाराकडे वळले. तो गोंधळला नाही.

“हां, मन्हाच शे,” तो म्हणाला. “टोपलं मीच ठेवं ना. वाकनू तव्हय पाय पडना व्हई.”

किती साधी गोष्ट होती! अंधुक उजेडात, घाबरलेल्या माणसाने चोराच्या पावलावर टोपलं घालताना पुढे टाकलेला पाय त्याच पावलावर पडला, आणि त्याने स्वतःचंच पाऊल झाकून ठेवलं. त्या दिवशी गावात हे एकालाही दिसलं नाही. कारण टोपल्याखाली असतं ते चोराचं पाऊल. कोणीतरी म्हणालं, रात्री कुत्रं भुंकलं नाही. दुसरा म्हणाला, ढवळा तर परक्याला शिंगावरच घेतो. तिसऱ्याला आठवलं की सालदार परवा नदीवर कोणाशी तरी बोलत उभा होता. एक एक गोष्ट येऊन आपापल्या जागी बसू लागली. मी ऐकत होतो आणि मलाही ती बसताना दिसत होती. बैल शोधायला चार माणसं चार दिशांना पळाली. जो तो हाळाजवळून आला, हाळाजवळून गेला, आणि तासाभरात तिथल्या मातीचा चिखल झाला. त्यात म्हाताऱ्याच्या बोटांना चाचपण्याजोगं पुन्हा टोपलं घालून ठेवलेलं ते एकच पाऊल शिल्लक राहिलं.

म्हातारा गोठ्याच्या दगडावर बसून राहिला. मी पाणी नेऊन दिलं, ते त्याने घेतलं नाही. तो काय विचार करत होता ते मला कळत होतं. पाऊल चाचपल्याशिवाय त्याला खरं सांगता येणार नव्हतं, आणि माणसांदेखत चाचपलं तर त्याचे डोळे उघडे पडणार होते. मी त्याला जाऊन म्हणू शकलो असतो, की बाबा, माझं चुकलं असेल, पुन्हा बघू. पण मला वाटतच नव्हतं की माझं चुकलंय. पाऊल सालदाराचंच होतं. तोही तेच म्हणत होता.

दुपारी फौजदार आले. त्यांनी सगळं ऐकलं, टोपलं उचललं, सालदाराला पुढे बोलावलं आणि त्याचा अनवाणी पाय त्या पावलाशेजारी ठेवला.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ते म्हणाले. “काखेत कळसा आणि तुम्ही गावाला वळसा घालताय.”

तेव्हा म्हातारा उठला. काठी टाकून तो पावलाजवळ गुडघ्यांवर बसला. बोटांवर थुंकी लावली आणि सगळ्यांसमोर हात त्या पावलात ठेवला. टाचेपासून चवड्यापर्यंत, मग कडेकडेने, मग पुन्हा टाच.

“हाऊ मानूस चालेल नही, साहेब,” तो म्हणाला. “वाकेल शे. चवडा रुतेल शे, टाच नही. आन् खाले आजून एक टाच शे. दुसरानी. चोर खाले शे.”

पाऊल चालणाऱ्याचं नव्हतं, वाकलेल्याचं होतं, असं तो म्हणत होता. मी वाकून बघितलं. सालदाराच्या पावलाच्या आत, मागच्या बाजूला, नखभर रुंदीची एक कड होती. दुसऱ्या कोणाच्या तरी टाचेची. सकाळपासून ती तिथेच होती आणि मी ती बघितली नव्हती. आता दिसली तरी अशी दिसली की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

फौजदार मात्र म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होते. त्यांनी आपली छडी त्याच्या तोंडासमोर धरली.

“माझ्या हातात काय आहे रे?”

छडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. म्हाताऱ्याची बुबुळं जागची हलली नाहीत. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

“आंधळा माग काढतोय,” फौजदार म्हणाले. “पाटील, हे किती वर्षं चाललंय?”

पाटलांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे बघितलं. माझं उघडलेलं तोंड केव्हा मिटलं ते मला कळलं नाही. आंधळ्याने सांगितलेली कड आपल्यालाही दिसते, असं म्हणायला धाडस लागत होतं. ते माझ्याकडे नव्हतं. मला कोणी दमही दिला नव्हता. असा भित्रेपणा कुठे बोलून दाखवायलाही तोंड उरत नाही.

फौजदारांनी पंचनामा सांगितला आणि मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं. ‘सदर इसमाची पावले हाळापासून नदीच्या दिशेस गेलेली आढळली.’ माझा टाक क्षणभर थांबला. मग मला वाटलं, पंचनाम्यात असं असतंच. आजवर लिहिलेल्या तिन्ही पंचनाम्यांत असं वाक्य होतं. चोर म्हटला की पावलं, आणि पावलं म्हटली की ती कुठेतरी जाणारच. मी ते सुरेख वळणदार अक्षरात लिहून काढलं आणि खाली सही केली.

तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मला ही गोष्ट किती जणांना सांगावी लागली याला सुमार नाही. पारावर, बाजारात, पोस्टात. प्रत्येक वेळी मी टोपलं उचलायचो, अंगठा दिसायचा, आणि मग पावलं नदीकडे जायची. कोर्टात माझं नाव पुकारलं गेलं. सालदार पिंजऱ्यात उभा होता आणि माझ्याकडे आशेने बघत होता. मी शिकलेला, मी खरं सांगेन, अशी त्याची खात्री असावी. वकिलांनी मला माझंच अक्षर दाखवलं आणि ते वाक्य वाचलं.

“ही पावलं तुम्ही स्वतः पाहिलीत?”

मी डोळे क्षणभर मिटले. आणि मला ती दिसली. हाळापासून बांधापर्यंत, एका ओळीत, प्रत्येक उजव्या पावलाचा अंगठा बाहेर फाकलेला. तिसऱ्या पावलाच्या टाचेत निंबाचं एक पिवळं पान दबलेलं होतं. पानाच्या शिरासुद्धा मला दिसल्या.

“हो,” मी म्हणालो. “स्वतः पाहिली.”

मी खोटं बोललो नाही. हे मी आजवर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलंय आणि दरवेळी त्याचीच जास्त भीती वाटलीय. खोटं बोललो असतो तर निदान खरं काय ते माझ्यापाशी शिल्लक राहिलं असतं.

सालदाराला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हाताऱ्याचं जागल्यापण त्याच्या चुलतभावाकडे गेलं आणि इनामही. मी शाळेत परत आलो आणि पोरांना ‘समोर काय आहे ते बघ’ म्हणणं बंद केलं.

पाच महिन्यांनी नदीपलीकडे, गुजरातच्या बाजूला, एक टोळी सापडली. पाटलांचे बैल त्यांच्याकडे मिळाले. ढवळा विकला जात नव्हता, कोणालाही जवळ येऊ देत नव्हता, म्हणून राहिला होता. टोळीतल्या एकाने सगळं कबूल केलं. गुळाच्या ढेपेने बैलांना गप्प केलं, गोठ्यामागच्या नाल्यात उतरवलं आणि पाण्यातून चालत नदी गाठली. पाण्यातून, म्हणजे पाऊल कुठे राहू नये म्हणून. हाळापासून नदीकडे एकही पाऊल गेलेलं नव्हतं.

हे मी पाटलांच्या ओसरीवर ऐकलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वाटलं, आता तरी ती पावलं जातील. डोळे मिटले. हाळ, ओली माती, आणि एका ओळीत पावलं. निंबाचं पान. मी डोळे उघडून भिंतीकडे बघितलं, पुन्हा मिटले. होतीच ती. चोराच्या तोंडून निकाल लागला होता, सरकारने मान्य केला होता, आणि माझ्या डोक्यातला साक्षीदार अजून साक्ष देत उभा होता.

शिक्षा रद्द होऊन सालदार सुटून आला त्या दिवशी घरी जाण्याआधी शाळेत आला. पोरं गेलेली होती. तो बारीक झाला होता. मी त्याला बस म्हणालो, तो उंबऱ्यावर बसला. माफी मागायचे शब्द मी टोळी सापडल्यापासून जुळवत होतो, त्यातला एकही आठवेना.

“गुर्जी, एक इचारू?” तो म्हणाला. “ते पाय तुमले खरंच दिसनात का?”

“दिसले,” मी म्हणालो. “अजून दिसतात. पण ते नव्हते.”

मला वाटलं तो चिडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो आपल्या फाकलेल्या अंगठ्याकडे बघत बसला.

“मालेबी दिसस आते,” तो म्हणाला. “जेलमा रोज इचारेत, बैल कसा सोडात, सांग. सांगता सांगता दिसाले लागनं. मी दावं सोडी ऱ्हायनू, ढवळा मन्हा हात चाटी ऱ्हायना.” मग त्याने मान वर केली. “मी करेल नही ना, गुर्जी? तुम्ही व्हतात तठे. तुम्ही सांगा.”

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, नाही केलंस, तू काही केलेलं नाहीस, चोर सापडलेत. तो मान हलवत होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. का बसावा? याच तोंडाने मी कोर्टात ‘स्वतः पाहिली’ म्हणालो होतो, तेव्हाही मी इतक्याच खात्रीने बोललो होतो.

तो उठला. कुठे निघालास म्हटलं तर म्हणाला, जागल्याबाबाकडे. मीही त्याच्यामागे गेलो.

म्हातारा झोपडीच्या दारात तसाच बसलेला होता. आता रामराम म्हणायची त्याला गरज राहिली नव्हती, तरी माझ्या वहाणांची करकर ऐकून त्याने म्हटला. सालदाराने काही न बोलता आपला उजवा पाय त्याच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांत घेतला. टाच, कड, चवडा, अंगठा. बराच वेळ.

“हाऊच व्हता,” तो म्हणाला. “एकच. गोठामा. चोरना पायवर. पुढे गयाच नही.”

“तुले काय माहीत?” सालदार म्हणाला. “तुले तं दिसत नही, बाबा.”

“माले दिसत नही. गुर्जीले दिसस.” म्हाताऱ्याने तोंड माझ्या दिशेने वळवलं. “मी इचारं, कितला? गुर्जींनी सांगं, एक. मन्हा कानमा सांगं. एक.”

सालदार माझ्याकडे वळला. इतक्या आशेने तो माझ्याकडे यापूर्वी एकदाच बघत उभा होता, पिंजऱ्यात.

“खरं का, गुर्जी? तुम्ही एक सांगं व्हतं?”

मी आठवायला लागलो. टोपलं उचललं गेलं. म्हातारा वाकला, ‘कितला’ म्हणाला. मी काहीतरी उत्तर दिलं होतं, ते हळू आवाजात दिलं होतं, एवढं मला आठवत होतं. पण शब्द नव्हता. शब्दाच्या जागी ती ओळ होती, बांधापर्यंत गेलेली, आणि निंबाचं पान. मी कितीही वेळा परत त्या जागी गेलो तरी माझ्या तोंडून ‘एक’ निघताना मला ऐकू आलं नाही. आजही येत नाही. त्या सकाळी मी जे खरं बघितलं ते फक्त एका आंधळ्याच्या कानात राहिलं होतं.

सालदाराचा पाय अजून म्हाताऱ्याच्या मांडीवर होता. दोघंही थांबले होते.

“हो,” मी म्हणालो. “एक म्हणालो होतो.”

कोर्टात मी जे दिसलं ते सांगितलं आणि ते खोटं निघालं. इथे मला काहीच दिसत नव्हतं, आणि मी खरी साक्ष दिली.

सालदाराने पाय खाली घेतला. डोळे पुसले आणि म्हणाला, ढवळ्याला भेटून येतो, त्याने सकाळपासून वैरण खाल्लेली नाही म्हणतात. तो मळ्याच्या रस्त्याने निघाला. धुळीत त्याच्यामागे एक एक पाऊल उमटत गेलं, आणि मी मान फिरवून घेतली.